शुगरचं गोदाम मांडीत असतं

आमच्या सोसायटीत मध्यंतरी हेल्थ कॅम्प झाला. कोपरखैरण्यात असे कॅम्प होतच असतात, कुणाला ना कुणाला नगरसेवक व्हायचंच असतं. बीपी झालं, वजन झालं, बोटाला टोचून झालं, आणि शेवटच्या टेबलावर एक फिजिओ मुलगी बसलेली, तिच्याकडे हँडल असलेलं छोटं मशीन. ते मुठीत धरून जीव खाऊन दाबायचं, किती किलो येतात ते ती वहीत लिहिणार. मी दाबलं, २९ आले. माझ्या मागे अण्णा, म्हणजे माझे वडील, वय ७२, त्यांनी दाबलं, ३४. अण्णांनी माझा हात उलटासुलटा करून बघितला आणि सगळ्या रांगेसमोर म्हणाले, "लेका, लोण्यावाणी झालाय की रं हात तुझा."

हसले सगळे, मीपण हसलो, काय करणार.

पण गंमत अशी की त्याच टेबलाच्या आधीच्या टेबलावर अण्णांची शुगर २०० च्या पुढे निघाली होती. त्यांना डायबिटीस आहे, नऊ वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत. आणि मी, वय ४४, वजन ६४, पोट म्हणाल तर शर्ट इन केला तर दिसतं नाहीतर नाही, ऑफिसात सगळे 'तू बारीकच आहेस रे' म्हणणारे, तर माझं एचबीएवनसी ६.१. हे एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, ५.७ च्या खाली असाल तर नॉर्मल, ६.५ आणि वर म्हणजे डायबिटीस, मधे जे असतात ते माझ्यासारखे उंबऱ्यावर बसलेले. आयसीएमआर, म्हणजे केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या सर्व्हेत असे उंबऱ्यावरचे लोक देशात १३ कोटींहून जास्त निघाले, आत गेलेले १० कोटींच्या आसपास.

म्हणजे ज्याच्या हातात ताकद त्यालाही शुगर, ज्याच्या हातात नाही तोही लाईनीत. मग ते जे हल्ली सगळीकडे वाचायला मिळतं की मसल स्ट्रेंथ चांगली असली की डायबिटीसचा धोका कमी होतो, ते खोटं का? हे डोक्यात बसलं आणि दोन महिने मी मिळेल ते वाचत सुटलो. मी डॉक्टर नाही, ऐरोलीला आयटीत आहे, तेव्हा औषधाचं काही माझ्याकडून ऐकू नका. पण हे शरीरात चालतं कसं ते मला जेव्हा कळलं ना तेव्हा वाटलं की अरे, हे तर वाशी मार्केट आहे.

अण्णा माथाडी होते. आधी मशीद बंदर, मग मार्केट वाशीला आलं तसे आम्ही कोपरखैरण्याला. जावळीकडचे आम्ही, टोळीत सगळे गाववाले, मुकादमही गावचाच. मी लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा बघितलंय, पहाटे गाड्या लागलेल्या, फाळक्यातून गोणी पाठीवर येणार, लोखंडी आकडा लावून ओढायची, पाठ वाकवून गाळ्यात न्यायची, थप्पी लावायची. आता विचार करा की गाड्या येतच राहिल्या आणि गाळ्याचं शटर उघडलंच नाही तर काय होईल. गोण्या रस्त्यावर. मागे हायवेपर्यंत लाईन. डायबिटीस म्हणजे साधारण हेच आहे. रक्त हा रस्ता, साखर म्हणजे गाड्यांमधला माल, आणि मसल हे गोदाम.

आणि हे गोदाम किती मोठं ते बघा. आपल्या अख्ख्या रक्तात कुठल्याही एका वेळी मिळून साखर असते फक्त पाचेक ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. बस. आणि आपण दुपारी जेवतो किती, तीन चपात्या, वाटीभर भात, वरण, त्यातून पोटात जाऊन साखर होणारा माल १०० ग्रॅमच्या आसपास जातो. म्हणजे ज्या रस्त्यावर एक चमचा माल मावतो तिथे दोन-तीन तासांत वीस चमचे उतरवायचेत. हे उतरवायचे कुठे? लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम साठा मावतो. मसलमध्ये मिळून ३०० ते ५०० ग्रॅम, ज्याचं मसल जास्त त्याचं जास्त. इन्सुलिनच्या, म्हणजे स्वादुपिंडातून येणाऱ्या हार्मोनच्या, सांगण्यावरून रक्तातून जी साखर उचलली जाते ना, प्रयोगांमध्ये मोजलं तर त्यातली ७० ते ८० टक्के एकटं मसल उचलतं. सगळं लक्ष आपलं स्वादुपिंडाकडे, गोड खाल्लं का नाही याच्याकडे, आणि माल उतरवणारा मेन पार्टी मांडीत बसलाय त्याला कुणी विचारत नाही.

आता शटर. मसलच्या पेशीच्या आत ग्लूट-४ नावाची दारं असतात, आत गुंडाळून ठेवलेली. इन्सुलिन येऊन पेशीवर थाप मारतं, आतमध्ये एकाने दुसऱ्याला दुसऱ्याने तिसऱ्याला असा निरोप जातो, आणि मग ती दारं सरकत बाहेर पेशीच्या भिंतीवर येऊन लागतात आणि साखर आत. हा निरोप मधेच अडकायला लागला की त्याला म्हणतात इन्सुलिन रेझिस्टन्स. थाप पडतेय पण शटर अर्धंच वर जातंय. स्वादुपिंड बिचारं काय करतं, अजून माणसं पाठवतं थापा मारायला, जास्त इन्सुलिन, अजून जास्त, आणि अशी वर्षानुवर्षं जातात, रिपोर्ट नॉर्मलच येत राहतो कारण जास्तीची माणसं लावून का होईना माल उतरतोय. मग एक दिवस स्वादुपिंड दमतं. आपल्याला कळतं तेव्हा, आणि आपण म्हणतो अचानक शुगर निघाली. अचानक वगैरे काही नसतं.

निरोप अडकतो कशाने? कारणं बरीच आहेत पण एक मोठं म्हणजे मसलच्या आत साचलेली चरबी. पोटावरची नाही म्हणत मी, मसलच्या पेशीच्या आतली. गाळ्यात बारदान, फुटकी खोकी, जुन्या गोण्या भरून ठेवल्यावर माणसाला आत जायला वाट राहत नाही तसं. पण त्यातही एक गंमत आहे, रोज लांब पळणाऱ्या लोकांच्या मसलमध्येही चरबी सापडते आणि तरी त्यांचं शटर एकदम स्मूद चालतं, कारण ते ती रोज वापरून टाकतात, माल येतो-जातो. प्रॉब्लेम पडून राहिलेल्या मालाचा आहे.

आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. या गोदामाला मागच्या बाजूला दुसरं शटर आहे, आणि त्याला इन्सुलिन लागत नाही. मसल आवळलं, कामाला लागलं, की त्या कामानेच ग्लूट-४ ची दारं बाहेर येतात, वेगळ्या रस्त्याने, इन्सुलिनला न विचारता. म्हणजे ज्याचं पुढचं शटर गंजलंय त्याचंही मागचं बऱ्यापैकी चालतं. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाललं की शुगर कमी दिसते ती याच्यामुळे. आणि वर्कआऊट संपल्यावरही पुढचे २४ ते ४८ तास, कधी त्याहून थोडं जास्त, पुढचं शटरही जरा सैल चालतं. पण मग परत जैसे थे. म्हणून रविवारी एकदाच खारघरचा डोंगर चढून आठवडाभर बसून राहण्याला तसा अर्थ नाही. म्हणजे चढा, मस्त आहे, पण बुधवारीही काहीतरी करा.

अजून एक, हे बहुतेकांना माहीत नसतं. लिव्हरमधली साखर गरज पडली की परत रक्तात सोडता येते, तो सगळ्यांसाठीचा साठा. मसलचं तसं नाही. मसलमध्ये एकदा माल गेला की तो तिथेच जाळावा लागतो, परत रस्त्यावर आणायची सोयच नाही, त्याला लागणारं एन्झाईमच मसलकडे नसतं. मांडीतला माल मांडीनेच संपवायचा, दंडातला दंडाने. म्हणजे मांडीचं गोदाम जर गेले चार दिवस वापरलंच नसेल, भरलेलंच असेल, तर पाचव्या दिवशीच्या चपात्या तिथे उतरणार कशा. आणि शरीरातलं सगळ्यात मोठं मसल कुठे आहे तर मांड्या आणि पार्श्वभाग, ज्यावर आपण दिवसभर बसून असतो. माझा दिवस बघा, ऐरोलीला नऊ तास खुर्ची, येताना बसमध्ये सीट मिळाली की देव पावला, घरी आलो की सोफा.

इथे अण्णांचं कोडं सुटायला लागतं. ते मार्केटला होते तोवर कधी शुगर नव्हती, आणि खायचे कसं विचारू नका, दुपारी तीन-तीन भाकऱ्या आणि गूळ वेगळा. साठीला काम सुटलं. त्यानंतर त्यांनी काय केलं तर आराम. आणि तो त्यांचा हक्कच होता, चाळीस वर्षं पाठीवर पन्नास-पन्नास किलोच्या आणि जुन्या काळात क्विंटलच्या गोणी वाहिलेल्या माणसाला मी 'अण्णा जरा व्यायाम करा' कुठल्या तोंडाने सांगणार. खुर्ची, टीव्ही, खाली पारावर पत्ते. भाकऱ्या तीनच्या दोन झाल्या पण मालाची गाडी काही थांबली नाही. गोदाम मात्र आकसत गेलं. तीन वर्षांत शुगर निघाली. आता हे एका माणसाचं आहे, यावरून नियम काढू नये, वय होतं, आजीलाही शुगर होती, ते सगळं आहेच. पण डेन्मार्कमध्ये एक प्रयोग झाला होता, २०१० च्या आसपास छापून आला, त्यात धडधाकट तरुण पोरांना दिवसाला दहा हजार पावलांवरून दीड हजारांच्या खाली आणलं, बाकी काही नाही, फक्त कमी चाला, लिफ्ट वापरा, आणि दोनच आठवड्यांत त्यांची इन्सुलिनला दाद देण्याची ताकद १७ टक्क्यांनी घटली आणि पायांचं मसल मोजण्याइतकं कमी झालं. तरुण पोरं, दोन आठवडे. अण्णांची तर वर्षं गेली.

बरं मग त्यांची मूठ ३४ कशी? तर मूठ राहिली. पत्ते पिसून नाही, पण इतकी वर्षं आकडा धरलेला हात आहे तो, तळव्याला अजून घट्टे आहेत. पाय गेले. त्या फिजिओ मुलीने दुसरी टेस्ट घेतली तेव्हा ते दिसलं. साधी प्लास्टिकची खुर्ची, हात छातीवर घ्यायचे, हाताचा आधार न घेता पाच वेळा उठायचं-बसायचं, ती घड्याळ लावणार. आशियाई लोकांसाठी तज्ज्ञांनी २०१९ मध्ये जे आकडे ठरवलेत त्यात याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायात ताकद कमी असं धरतात, आणि मुठीसाठी पुरुष २८ किलोच्या खाली, बाई १८ च्या खाली. अण्णा पहिल्यांदा उठले, दुसऱ्यांदा उठले, तिसऱ्यांदा त्यांचे हात आपोआप गुडघ्यांवर गेले. चौथ्याला ते म्हणाले खुर्ची खराब आहे.

खुर्ची चांगली होती.

म्हणून ही मुठीची टेस्ट जी आहे ना, ती सोयीची आहे, स्वस्त आहे, आणि मोठ्या अभ्यासांमध्ये तीच वापरतात, पण ती फक्त एक खिडकी आहे. प्युअर नावाचा १७ देशांमधला अभ्यास झाला, १ लाख ४० हजारांच्या आसपास लोक, २०१५ मध्ये आला, त्यात मुठीची ताकद दर ५ किलोने कमी तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त असं दिसलं, म्हणजे मूठ बरंच काही सांगते. पण त्याच अभ्यासात मूठ आणि नव्याने होणारा डायबिटीस यांचा ठळक संबंध मात्र सापडला नाही. हे कुणी सांगत नाही, व्हॉट्सअॅपवर 'मूठ घट्ट तर शुगर फस्त' एवढंच फिरतं आणि लोक स्पंजचा बॉल दाबत बसतात. बॉल दाबून शुगर उतरत नाही हो. दंडाखालचं एवढंसं मसल, त्यात किती गोण्या मावणार.

दुसरीकडे अमेरिकेतल्या एका अभ्यासात, २०१९ चा, साडेचार हजारांवर लोक, त्यांनी नुसती मूठ नाही तर छातीचा प्रेस आणि पायाचा प्रेस, म्हणजे हातांनी आणि पायांनी किती वजन ढकलता येतं, दोन्ही मोजले. तिथे कमी ताकदवाल्यांपेक्षा मधल्या गटातल्या लोकांना पुढे डायबिटीस होण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांनी कमी निघालं. मधला गट, हां. सगळ्यात वरच्या, पैलवान गटात त्याहून जास्त फायदा दिसला नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण सेक्टर ९ मधल्या जिममध्ये जाऊन आरशासमोर ओरडायची माझी तयारी नाहीये, आणि बहुतेक तुमचीही नसेल. तळातून उठून मधे यायचंय. आणि मग ब्रिटनमधल्या बायोबँकच्या, म्हणजे लाखो लोकांच्या आरोग्याच्या नोंदींच्या साठ्याच्या, माहितीवर हाँगकाँग युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०२५ मध्ये काढलेला अभ्यास, १ लाख ४० हजारांवर लोक, त्यात ज्यांची ताकद जास्त त्यांना टाईप टू डायबिटीसचा धोका ४४ टक्क्यांनी कमी, आणि मुख्य म्हणजे ज्यांच्या जीन्समध्येच डायबिटीस भरलाय त्यांच्यातही ताकदवाल्यांचा धोका कमी. आमच्याकडे 'आमच्या घराण्यातच आहे' म्हणून पुरणपोळीवर तुपाची धार धरणारे काका आहेत, त्यांना मी हे पाठवलं, त्यांनी अंगठा पाठवला. अर्थात त्यातले लोक सगळे गोरे ब्रिटिश, आपलं शरीर वेगळं आहे, ते मी खाली सांगतो. आणि असे अभ्यास लोकांना लांबून बघत राहतात, ताकद होती म्हणून शुगर झाली नाही की शुगर यायच्या आधीच शरीर कमजोर व्हायला लागलं होतं म्हणून ताकद कमी दिसली, हे त्यातून पूर्ण वेगळं करता येत नाही. डायबिटीसही मसल खातो, ते दोन्हीकडून आहे.

त्यामुळे मला जास्त भरवशाचे वाटतात ते प्रयोग, जिथे लोकांना गटात वाटून प्रत्यक्ष काम करायला लावलं. कॅनडात एक झाला, २००७ मध्ये आला, डायबिटीस असलेले २५१ लोक, एका गटाला ट्रेडमिल-सायकल, एकाला वजनं, एकाला दोन्ही, एकाला काहीच नाही. साधारण पाच महिने. काहीच न करणाऱ्यांच्या मानाने नुसत्या ट्रेडमिलने एचबीएवनसी अर्धा पॉइंट खाली आलं, नुसत्या वजनांनी त्याच्या थोडं कमी, पॉइंट चारच्या आसपास, आणि दोन्ही करणाऱ्यांचं जवळजवळ एक पॉइंट. एक पॉइंट म्हणजे गोळीच्या बरोबरीचं काम झालं. इथे दोन्ही करणाऱ्यांनी वेळही जास्त दिला हे खरं, पण कुठलंही एकच पुरे असं म्हणणाऱ्यांना हे दाखवायला बरं आहे. आणि जे म्हणतात आता या वयात काय, त्यांच्यासाठी १९९० चा बोस्टनचा एक छोटा प्रयोग, वृद्धाश्रमातले दहा जण, सरासरी वय ९०, आठ आठवडे मांडीला वजन लावून पाय उचलायला लावले, मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मी हा आकडा दोनदा वाचला. नव्वदीची माणसं.

आता आपलं शरीर. मी बारीक असून ६.१ कसा, याचं उत्तर आपल्या पुण्यात आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, त्यांनी पुण्याजवळच्या गावांमधल्या बायांच्या गरोदरपणापासून अभ्यास सुरू केला, १९९३ पासून, तो अजून चालू आहे. त्यांना दिसलं की आपली बाळं जन्मतःच वजनाने लहान, २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण ही जी तूट आहे ती मसलमध्ये आणि आतल्या अवयवांमध्ये जास्त आहे, चरबीत तितकी नाही. बारीक पण आतून लठ्ठ. मग २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी स्वतःचाच एक फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला, दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तोच, २२.३, वजनकाट्याच्या हिशोबाने दोघे एकदम फिट. आतली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. तोच काटा, तोच आकडा आणि गोदामाची साईज वेगळी. वजन कमी कर हा सल्ला त्यामुळे माझ्यासारख्याला अर्धाच लागू होतो, माझ्याकडे कमी करायला पाच किलो असतील नसतील, मला मसल वाढवायचंय. आणि नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं की त्यात चरबीबरोबर मसलही उतरतं, हल्ली ती वजन उतरवायची इंजेक्शनं आलीत त्यातही, काट्यावर खूश व्हायचं आणि गोदामाच्या दोन भिंती पाडून ठेवायच्या.

मसल असणं आणि ताकद असणं यातही जरा फरक आहे. वय वाढतं तसं मसलचा आकार कमी होतो, तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के म्हणतात, पण ताकद त्याहून जोरात घसरते, कारण झटक्यात जोर लावणारे तंतू आधी जातात आणि मेंदूकडून मसलला जाणारी वायरिंगही ढिली पडते. म्हणून मांडी भरलेली दिसते पण मांडी घालून बसलेला माणूस उठताना जमिनीला हात लावतो. ताकद हे गोदाम नुसतं आहे का चालू आहे ते सांगतं. आणि ते चालू ठेवायला थोडं जड काहीतरी करावं लागतं. सपाट रस्त्यावर गप्पा मारत चालण्यात हे जड काम येत नाही. मी नेरूळला ज्वेल नावाच्या बागेत सकाळी चालायला जाणारे खूप जण ओळखतो, सहा-सात वर्षं नेमाने चालतायत, दहा हजार पावलं, फोन दाखवतात. चालणं सोडा असं मी अजिबात म्हणत नाही, मागचं शटर त्यानेच उघडतं, हार्टला त्याच्यासारखं काही नाही. पण गोदाम वाढत नाही त्याने. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखं आणि वर किमान दोन दिवस मसलचं काम असं सांगते, आपण पहिलं अर्धं पाठ केलं आणि दुसरं ऑप्शनला टाकलं.

आम्ही घरी काय करतो ते सांगतो, फार काही नाहीये. सोमवार, गुरुवार, शनिवार, पंचवीस मिनिटं. खुर्चीवरून उठबस, माझी आता पाच किलोची तांदळाची पिशवी छातीशी धरून. भिंतीला हात टेकून पुशअप. टाचा उचलणं, ओट्याला धरून. एक मोठी बॅग खांद्याला लावून चार मजले जिना, उतरताना लिफ्ट, माझे गुडघे उतरताना बोलतात. नियम एकच पाळतो, शेवटचे दोन-तीन असे व्हायला पाहिजेत की 'बास आता' वाटेल, आणि दोन आठवड्यांनी सोपं वाटायला लागलं की वजन वाढवायचं. अण्णांनी हाच नियम मला उलटा शिकवला खरं तर, नवीन पोरगा टोळीत आला की त्याला पहिल्या दिवशी पूर्ण गोण देत नाहीत म्हणे, आधी हलका माल, मग हळूहळू. आणि गोण उचलताना श्वास कोंडायचा नाही, उचलताना हुंकार टाकायचा. हे फिजिओनेही सांगितलं, शब्द वेगळे, श्वास रोखून जोर लावला की बीपी एकदम चढतं, डोळ्याच्या पडद्याचा त्रास असलेल्या डायबिटीसवाल्यांना तर ते चांगलंच महाग पडू शकतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा शुगर खाली पाडणाऱ्या गोळ्या असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारूनच सुरू करा, नाहीतर मागचं शटर उघडल्यावर शुगर भलतीच खाली जाते, अण्णांना पहिल्या आठवड्यात एकदा घाम फुटला होता, बायकोने पटकन साखरपाणी दिलं, मग डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला. पायाला मुंग्या-बधिरपणा असेल तर अनवाणी काही करू नका. आणि जड काम केल्या केल्या मशीनवर शुगर थोडी वर दिसली तर घाबरू नका, मी घाबरलो होतो, जोर लावल्यावर अॅड्रेनलिनमुळे लिव्हर थोडा साठा सोडतं, तास-दोन तासांत उतरते.

खाण्यात एकच बदल, प्रोटीन. दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम असं आपल्या आयसीएमआरचं माप आहे, म्हणजे माझ्या ६४ किलोला पन्नास-पंचावन्न ग्रॅम तरी. मी आठवडाभर लिहून बघितलं, माझं चाळीसच्या वर जात नव्हतं. एक अंडं म्हणजे ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरण म्हणजे सहा-सात. आमच्यात पातळ आमटी करतात, तिच्यात डाळ शोधावी लागते, त्याला प्रोटीन म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. आता सकाळी दोन अंडी, दुपारी उसळ घट्ट, संध्याकाळी चणे-दाणे, बुधवारी सुकट. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीनही विचारूनच वाढवा, डायबिटीसमध्ये किडनीचं बघावंच लागतं.

चार महिने झाले. माझं ६.१ चं ५.८ झालंय, मूठ ३१. अण्णांची गोळी चालूच आहे आणि चालूच राहणार, त्यांचं एचबीएवनसी थोडं उतरलंय, पण डोसही बदललाय त्यामुळे श्रेय कुणाचं ते मी सांगू शकत नाही. सुरुवातीला ते खुर्चीला तयारच नव्हते, 'मी काय शाळेत हाय का उठाबशा काढायला' म्हणून. मग एक दिवस मी मोजायला लागलो, एक, दोन, तर ते चिडले. मार्केटला माल मोजताना एक म्हणत नाहीत, पहिली गोण म्हणजे लाभ. आता ते स्वतः मोजतात, हात छातीवर, लाभ, दोन, तीन, चार, पाच, आणि मी मोबाईलवर सेकंद लावून उभा. गेल्या शनिवारी तेरा आले. ते म्हणाले घड्याळ खराब आहे.